एकावर एक ठेवलेलं वॉशिंग मशीन आणि ड्रायर : ११ महिन्यांनंतर

११ महिन्यांपूर्वी आम्ही फ्रंट लोड वॉशिंग मशीन आणि त्याच्यावर बसणारा ड्रायर अशी जोडी घेतली. घेण्याआधी मी जे अनुभव वाचले ते जवळजवळ सगळे पहिल्या आठवड्यातले होते. पहिल्या आठवड्यात आमचीही जोडी छान चालली होती. खऱ्या अडचणी तिसऱ्या महिन्यानंतर सुरू झाल्या, म्हणून इतके दिवस थांबून लिहितेय.

खाली ८ किलोचं, मिनिटाला १४०० फेऱ्यांनी पिळणारं मशीन आणि वर ८ किलोचाच हीट पंप ड्रायर, म्हणजे फ्रिजसारख्या कॉम्प्रेसरने तीच हवा पुन्हा पुन्हा गरम करून कपडे वाळवणारा आणि निघालेलं पाणी टाकीत साठवणारा. दोन्ही ६० सेंटीमीटर रुंद आणि ८५ सेंटीमीटर उंच. मधे दोन्ही मशिनं एकमेकांना जोडणाऱ्या स्टॅकिंग किटची पट्टी, तिलाच बाहेर ओढायची एक फळी. सगळी उंची १७० सेंटीमीटरच्या थोडी वर जाते. ड्रायरची बटणं माझ्या डोळ्यांच्या रेषेत येतात, पण आईला टाचा उंचवाव्या लागतात आणि ड्रमच्या तळाशी अडकलेला मोजा तिला दिसतच नाही. घरात कुणाची उंची कमी असेल तर घेण्याआधी भिंतीवर ही मापं खडूने आखून बघा. आम्ही ते केलं नाही.

ड्रायर खाली आणि मशीन वर असं कधीच ठेवता येत नाही. कपडे धुणाऱ्या मशीनमध्ये स्थिरतेसाठी काँक्रीटची वजनं बसवलेली असतात, आणि पिळताना खरा जोर तिथेच असतो. ड्रमची त्रिज्या २५ सेंटीमीटर धरली तर १४०० फेऱ्यांना एका बाजूला फक्त १०० ग्रॅम जास्त कपडा असला तरी सुमारे ५५ किलोचं ओझं बाहेर खेचत असल्यासारखा ओढा पडतो, आणि तोही सतत फिरता. वर ५० किलोचा ड्रायर बसवलेला असताना हा ओढा कसा पेलला जातो, ते पूर्णपणे खालच्या चार पायांवर अवलंबून असतं. ही गोष्ट मला पाचव्या महिन्यात कळली.

झालं असं. ड्रायरला आधी दोन तासांच्या आसपास लागायचे, ते हळूहळू साडेतीन तासांवर गेले. तरीही टॉवेलांच्या कडा दमटच. साहजिकच मी ड्रायरच्या मागे लागले. दारातली लव अडवणारी जाळी मी दर वेळी साफ करतेच. ती नळाखाली धुऊन वाळवली. खालच्या झाकणामागची उष्णता बदलणारी बारीक पत्र्यांची जाळी मऊ ब्रशने साफ केली. ही जोडी आमच्याकडे कोनाड्यात आहे, त्याची दारं बंद असताना आत गरम हवा कोंडते, म्हणून ड्रायर चालू असताना ती उघडी ठेवायला लागले. दहा-पंधरा मिनिटांचा फरक पडला, बास.

त्याआधी एकदा याच्या बरोबर उलट झालं होतं. ड्रायर ४० मिनिटांतच 'कपडे वाळले' म्हणून थांबायचा आणि आत कपडे ओलेच. तेव्हा दोष ओलावा मोजणाऱ्या पट्ट्यांचा निघाला. ड्रमच्या तोंडाशी आतल्या बाजूला धातूच्या दोन आडव्या पट्ट्या असतात. ओला कपडा दोन्हींना एकदम टेकला की त्यांच्यातून अगदी सूक्ष्म प्रवाह जातो आणि ओलावा कळतो. फॅब्रिक सॉफ्टनरचा थर पट्ट्यांवर बसला की ओला कपडाही कोरडा वाटतो. थोडं व्हिनेगर लावलेल्या कापडाने पुसल्यावर ते लगेच सुटलं. तेव्हापासून मी सॉफ्टनर बंदच केलंय. लवकर थांबतोय की थांबतच नाहीये, हा फरक आधी ओळखा. दोन्हींची कारणं अगदी वेगळी असतात.

आमचा आता थांबत नव्हता. शेवटी नवऱ्याने साधी गोष्ट सुचवली : कपडे तोलून बघू. कोरडे टॉवेल आणि चादरी मिळून ४ किलो भरले. १४०० फेऱ्यांनी नीट पिळल्यावर सुती कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या साधारण निम्मं पाणी उरतं, म्हणजे वजन ६ किलोच्या आसपास यायला हवं. आमचे कपडे मशीनमधून निघाले ७.२ किलोचे. सव्वा लीटरच्या आसपास पाणी आम्ही रोज फुकट वर चढवत होतो आणि ड्रायर बिचारा ते उष्णतेने उडवत बसत होता. दोष वरच्या मशीनचा नव्हताच.

मग पिळण्याच्या वेळी मी खाली बसून राहिले. पडद्यावर ९ मिनिटं उरली आणि आकडा तिथेच अडकला. ड्रम थोडा वेग घ्यायचा, सगळा मनोरा डुगडुगायचा, वेग कमी व्हायचा, कपडे उलटसुलट करून पुन्हा प्रयत्न. चार-पाच वेळा असं झाल्यावर मशीनने कमी वेगातच काम उरकलं. एररचा कुठलाही आकडा नाही, शिट्टी नाही. हादरा जास्त झाला की मशीन स्वतःला जपण्यासाठी असंच करतं. कपडे कमी पिळले गेलेत हे कुठेच लिहून येत नाही, ते कपड्यांवरूनच ओळखावं लागतं.

एकच जड बाथमॅट टाकली तरी असं होतं, ते माहीत होतं. पण इथे ड्रम व्यवस्थित भरलेला होता. मागचा डावा पाय जमिनीला टेकत नव्हता. तो पाय तपासायला सगळा मनोरा उतरवावा लागला, आणि एकावर एक ठेवण्याची खरी किंमत ही आहे. प्लग काढले, नळ्या सोडवल्या, किटचे स्क्रू काढले, आणि दोघांनी मिळून ड्रायर जाड रजईवर सरळ उभा उतरवला. एकट्याने करायचा विचारही करू नका. पायाच्या वरची लॉक-नट मशीनच्या तळाशी घट्ट आवळलेली असायला हवी. आमची बसवणाऱ्याने आवळलीच नव्हती, त्यामुळे रोजच्या हादऱ्याने पाय फिरत फिरत वर गेला होता.

पाय खाली आणला, आडवी-उभी दोन्हीकडे पाणसळ लावली, मग पान्याने चारही नट आवळल्या. त्यानंतर ड्रायर चढवण्याआधी मशीनच्या माथ्यावर समोरासमोरच्या कोपऱ्यांवर दोन्ही हातांनी आळीपाळीने जोर दिला. जरासुद्धा हललं नाही पाहिजे. ही परीक्षा मशीन बसवतानाच, माणूस घरात असताना करून घ्या. रबरी पॅड लावण्याचा सल्ला आम्हालाही मिळाला होता. मी लावले नाहीत. पाय एकसारखे टेकत नसताना खाली मऊ काहीतरी घातलं तर वरचं झुलणं वाढेल असंच मला वाटतं.

पुढच्या धुण्यात तेच कपडे ६.१ किलोचे निघाले आणि ड्रायर दोन तास दहा मिनिटांत थांबला. हातात घेतलेला टॉवेल कडेपर्यंत कोरडा होता. मला खरंच खूप बरं वाटलं.

बाकीच्या अडचणी लहान होत्या. खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या झाकणामागची पंपाची गाळणी महिन्यातून एकदा उघडते. आधी छोट्या नळीने ताटात पाणी काढायचं, नाहीतर जमीनभर होतं. एकदा मशीन पाणी भरतच राहिलं होतं, कारण सांडपाण्याची नळी पाइपात फार खोल गेली होती आणि भरलेलं पाणी आपोआप ओढलं जात होतं. नळीचं टोक जमिनीपासून ६० ते १०० सेंटीमीटरच्या दरम्यान आणि सैल असावं. आमचं आता ८० वर आहे. ड्रायरचं पाणीही त्याच पाइपात सोडलंय, नाहीतर पाण्याने भरलेली टाकी डोक्याइतक्या उंचीवरून ओढून काढावी लागते. मधे ती बारीक नळी मागे दाबली गेली होती, तर टाकी भरल्याचा दिवा लागून ड्रायर थांबत होता.

फेसाबद्दल मात्र आग्रहाने सांगते. पावडर जास्त पडली की फेस ड्रम आणि टबच्या मधे साचतो, पंपाला पाणी नीट उपसता येत नाही, आणि पिळणं पुन्हा अर्धवट राहतं. म्हणजे ड्रायर पुन्हा तीन तास. फ्रंट लोडचीच कमी फेसाची पावडर, आणि तीही मोजूनच घाला. आम्ही पूर्वीच्या निम्मी वापरतो आणि कपड्यांचा कुबट वासही गेला. दाराचं रबर घडी उलगडून पुसते, दार किलकिलं ठेवते, महिन्यातून एकदा रिकामं मशीन ९० अंशांवर चालवते.

जागा अरुंद असेल तर मी आजही हीच जोडी घेईन. फक्त मागचे पाय पुढूनच फिरवता येतात का हे आधी विचारीन, आणि दोन्ही मशिनं एकाच कंपनीची घेईन, म्हणजे किटचे छिद्र-स्क्रू जुळतात.

पुढच्या महिन्यात आम्ही घर बदलतोय. वाहतुकीत ड्रम धरून ठेवणारे चारही बोल्ट मी पहिल्या दिवसापासून पिशवीत घालून पाण्याच्या नळीला बांधून ठेवलेत, ते निघण्याआधी परत बसवायचे आहेत. ड्रायर उभाच न्यायचा, आणि नव्या घरात पोचल्यावर एक रात्र तसाच ठेवून मगच चालू करायचा, म्हणजे हलताना सरकलेलं कॉम्प्रेसरमधलं तेल जागेवर येतं. पाणसळ आणि पाना मी वेगळ्या पिशवीत काढून ठेवलेत.