अ‍ॅडव्हेंट कॅलेंडर: कापडाचे कप्पे की कागदाच्या पुड्या?

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच जर्मनीतल्या मराठी आयांमध्ये दरवर्षी एक प्रश्न फिरायला लागतो. यंदा अ‍ॅडव्हेंट कॅलेंडर (नाताळची वाट बघत १ ते २४ डिसेंबर मुलांनी रोज एक कप्पा उघडायचा, ते) घरीच करायचंय, तर कापडाचं शिवू की कागदी पिशव्यांचं करू? दोन्ही प्रकार आमच्या घरी नांदून झालेत, म्हणून लिहिते. दुकानातलं तयार कॅलेंडर इथे धरतच नाही. ते वाईट असतं असं नाही, पण गमी बेअरवाल्या कॅलेंडरांत बहुतेक वेळा जिलेटिन निघतं. शाकाहारी घरात रोज सकाळी आतला ऐवज आधी आईनं तपासायचा म्हटलं की मुलांची मजाच जाते.

कापडापासून सुरुवात करते, कारण हौस तिथे जास्त भागते. कापडाच्या दुकानांत छापील पॅनेल मिळतं. एकाच सुती कापडावर मागचं चित्र आणि २४ कप्प्यांच्या पट्ट्या छापलेल्या असतात. कापा, दुमडा, टिपा मारा, झालं. हात बसलेला असेल तर शनिवार-रविवारचं काम. पण पॅनेलवर भागवणाऱ्यातली मी नव्हे. मी कप्पे शिवले खणाचे, मागे जुन्या सुती साडीची गोधडी घातली, कडेनं इरकलीच्या काठाचा गोट लावला आणि आकडे साखळी टाक्यानं भरले. पाहुणे आले की आधी तिथेच थबकतात, त्यामुळे दिसण्याच्या बाबतीत कागदानं स्पर्धेत उतरूच नये.

खण वापरणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा. तो कापल्या कापल्या कडेनं सुटायला लागतो, तेव्हा आधी झिगझॅग मारून घ्या आणि मगच दुमडा. इस्त्रीनं चिकटणारा बकरम आतून लावला नाही, तर वस्तू टाकली की कप्पा तोंड वासून लोंबतो. काठी वर एक आणि खालीही एक घाला, नाहीतर भरलेलं कॅलेंडर मधोमध पोट काढतं. भाड्याच्या घरात भिंतीला भोकं पाडायची नसतील तर कपाटाच्या दारावर टांगलेलं छान राहतं. फक्त खाली हिटर नको. चॉकलेट वितळलं तर कागदाची पुडी फेकता येते, पण खणावरचा डाग मी अजून बघते आहे. धुवायला घ्यावं तर रंग जाण्याची भीती.

कापडाची खरी सोय म्हणजे बेत बदलता येतो. आमच्याकडे निम्म्या कप्प्यांत वस्तू असते, निम्म्यांत चिठ्ठी. ‘आज संध्याकाळी प्लेट्सशन (नाताळची बिस्किटं) भाजायचे’, ‘आज आजीशी फोनवर सापशिडी’. धाकटीला ताप आला की रात्रीतून चिठ्ठी बदलली, विषय संपला. आजीच्या चिठ्ठीबद्दल एक सांगून ठेवते. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो. इथे संध्याकाळचे ५ वाजले, अंधार पडला, मुलं घरी आली, तेव्हा तिकडे साडेनऊ झालेले असतात आणि आजीचे डोळे मिटायला आलेले असतात. त्या चिठ्ठ्या शनिवार-रविवार बघूनच टाकाव्यात, कॅलेंडर कुठलंही असो.

कापडाचे बारीकसारीक तोटे आहेतच. कप्प्याचं माप शिवताना ठरतं आणि मुलं वाढत राहतात. तीन वर्षांच्या मुलासाठी शिवलेल्या कप्प्यात नऊ वर्षांच्या मुलाचं पुस्तक शिरत नाही. शिवाय बाहेरून चाचपता येतं. आमच्या मोठ्यानं १ तारखेलाच सगळे कप्पे दाबून यादी केली होती. हे सगळं मी चालवून घेतलं असतं.

चालवून घेता आलं नाही ते वेगळंच. कापडी कप्प्याचं तोंड उघडं असतं, म्हणजे चोवीसच्या चोवीस एकदम भरायची सक्ती नाही. पहिल्या आठवड्याचं भरू, पुढचं पुढे बघू. ऐकायला केवढी सोय! पण डिसेंबरात ते ‘पुढे’ येतच नाही. ५ तारखेच्या रात्री निकोलाउससाठी, म्हणजे ६ तारखेला बुटात खाऊ ठेवणाऱ्या संतासाठी, बूट घासून दाराबाहेर ठेवायचे, धाकटीच्या किटात (पाळणाघरात) प्लेट्सशनचा डबा द्यायचा, शाळेच्या बाजारात स्टॉलवर उभं राहायचं, ऑफिसात वर्षअखेर. आणि मग रात्री दात घासताना आठवतं, उद्याचा १३ रिकामा आहे. तोंडात ब्रश तसाच ठेवून ड्रॉवर उपसायचे. त्यातून ती शनिवारची रात्र असेल तर संपलंच, कारण रविवारी इथे दुकानं बंद. अशाच एका सकाळी मोठ्याला कप्प्यातून आल्याच्या चहाची पुडी मिळाली. त्यानं ती सभ्यपणे घेतली, ‘डांके’ (थँक्यू) ही म्हणाला, पण चेहरा बघवत नव्हता. जी वस्तू मुलांच्या आनंदासाठी शिवली, तिच्याकडे बघून रोज रात्री माझ्या पोटात गोळा यायला लागला. मला वाटतं ही एकट्या माझी गत नसावी. तुम्ही फार शिस्तीच्या असाल तर हा परिच्छेद सोडून द्या.

कागदाच्या पुडीत ही पळवाटच नाही. रिकामी पुडी टांगली तर ती रिकामी दिसते, म्हणून टांगण्याआधी भरावीच लागते. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुलं झोपली की सगळं जेवणाच्या टेबलावर मांडायचं, नवऱ्याला चिमटे लावायला बसवायचं आणि चोवीस पुड्या बांधून मोकळं व्हायचं. नंतर महिनाभर त्या विषयात डोकं घालायचं नाही. ब्राऊन पेपरच्या पिशव्या, आकड्यांचे स्टिकर आणि छोटे लाकडी चिमटे असा संच सगळीकडे मिळतो. मी पिशव्या तेवढ्या घेते, स्टिकर नाही. आकडे मी जुन्या कालनिर्णयच्या पानावरून कापते. चांगले ठसठशीत, देवनागरी. धाकटीला १ आणि ९ यांत अजून गोंधळ होतो, पण १७ कुठे टांगलाय हे तिला माझ्या सकाळच्या कॉफीच्याही आधी शोधायचं असतं. मराठी अंक शिकवण्याचे माझे बाकी सगळे प्रयत्न या एका महिन्यापुढे फिके आहेत. पुड्या क्रमानं टांगू नका, एवढंच पथ्य.

आणि पुड्या कमी होताना दिसतात. हा मुद्दा मला आधी किरकोळ वाटायचा. कापडी कॅलेंडर ३ तारखेला जसं दिसतं तसंच २० तारखेलाही दिसतं. दोरीवरच्या पुड्या मात्र रोज एकेक करून विरळ होत जातात आणि मुलं उरलेल्या मोजत बसतात. छापील कॅलेंडर येण्याआधी, १९व्या शतकात, इथल्या घरांत दारावर नाहीतर भिंतीवर खडूच्या २४ रेघा ओढायचे आणि मुलं रोज एक रेघ पुसायची. छापील कॅलेंडर गेऱ्हार्ड लांग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्युनिकमध्ये काढलं. त्यांच्या लहानपणी त्यांच्या आईनं पुठ्ठ्यावर २४ बिस्किटं लावून दिली होती म्हणतात. म्हणजे मुळात हा प्रकार काहीतरी रोज कमी होण्याचा आहे, आणि त्या हिशेबानं दोरीवरची पुडी मूळ कल्पनेच्या जास्त जवळची.

कागदाचेही त्रास आहेत, लपवत नाही. सुतळी एकच लावली तर मध्ये झोळ पडतो, म्हणून १२-१२ च्या दोन दोऱ्या बांधा. पुस्तकासारखी जड पुडी दोरीवर राहत नाही, ती खाली टेबलावर ठेवावी लागते. कचरा होतो. तोंड गोंदानं न चिकटवता नुसता चिमटा लावला तर पिशव्या पुढच्या वर्षीही चालतात, पण मुलं चिमटा काढतील हा भरवसा धरू नका. ती फाडतात. आणि एकदा बांधलेल्या पुडीतली चिठ्ठी बदलायची म्हणजे परत उघडा-बांधा. म्हणून बाहेर जाण्याच्या आणि हवामानावर अवलंबून असलेल्या चिठ्ठ्या मी हल्ली लिहीतच नाही. बर्फात खेळायला जाऊ असं ९ तारखेच्या पुडीत लिहावं आणि त्या दिवशी नुसता चिखल असावा, हे इथे नेहमीचंच.

तेव्हा तुमचं मूल एकच आणि अगदी लहान असेल, तर कापडीच बरं. सुतळी आणि बारीक चिमटे त्या वयाच्या हाती देण्यासारखे नसतात, आणि एवढ्या लहान मुलाला उघड्या कप्प्यात हात घालण्यातच मौज वाटते. शिवणाची मशीन धूळ खात पडली असेल आणि निमित्त हवं असेल, तरी शिवा. मी शिवलेलं टाकलेलं नाही. ते आता शिवणाच्या कोपऱ्यात बारा महिने असतं आणि त्यात बटणं, रिबिनी, गुंड्या सुखानं राहतात. मात्र नोकरी, दोन मुलं आणि डिसेंबर हे तिन्ही एकदम सांभाळायचं असेल, तर माझा कौल, भीत भीत का होईना, पुड्यांना.

दोन मुलं असली की वाटणीचा प्रश्न दोन्ही प्रकारांत येतो. प्रत्येकाला २४ वेगळ्या देणाऱ्या आया आहेत, त्यांना माझा नमस्कार. आमच्याकडे विषम तारखा मोठ्याच्या, सम धाकटीच्या, म्हणजे १२-१२. यात गोम अशी की ६ आणि २४ दोन्ही तिच्या वाट्याला जातात आणि मोठा ते पहिल्याच दिवशी हेरतो. म्हणून ६ च्या पुडीत फक्त ‘बुटात बघा’ एवढी चिठ्ठी असते, बूट दोघांचेही भरलेले असतात. २४ ची पुडी मोठी आणि दोघांची मिळून, शक्यतो पत्त्यांचा कॅट किंवा कोडं, ज्याचे दोन वाटे करताच येणार नाहीत असं काहीतरी.