इंग्लंड १९७० की जर्मनी १९७४? फुटबॉलवाल्यांची एकच एलपी घ्यायची तर

वर्ल्ड कपच्या निमित्ताने या दोन्ही देशांच्या फुटबॉल टीमनी स्वतः गाऊन एकेक एलपी, म्हणजे गाण्यांची मोठी तबकडी, काढली होती. माझ्याकडे दोन्ही होत्या, एक मी देऊन टाकली, त्यामुळे हे थोडं एकतर्फी वाटलं तर समजून घ्या.

जिंकलेल्या टीमचाच अल्बम हवा असेल तर प्रश्नच मिटला, जर्मनी घ्या. पश्चिम जर्मनीने १९७४ चा कप घरच्या मैदानावर, म्युनिकमध्ये हॉलंडला २-१ हरवून घेतला, आणि त्या कपसाठी कॅप्टन बेकेनबाउर आणि मंडळींनी 'फुसबाल इस्ट उन्झर लेबेन' गायलं, म्हणजे फुटबॉल हेच आमचं आयुष्य. मागे प्रोड्युसर जॅक व्हाइट, तो स्वतः आधीचा फुटबॉलर. काम एकदम नीटनेटकं, सूर कुठे हलत नाही, इतका हलत नाही की माझ्या कानाला तरी मागे पट्टीचे गाणारे उभे असावेत असं वाटतं.

इंग्लंडच्या अल्बमचं नाव 'द वर्ल्ड बीटर्स सिंग द वर्ल्ड बीटर्स'. १९६६ चे चॅम्पियन तेव्हाची गाजलेली गाणी गातायत, म्हणून ते नाव. आता बॉबी मूरच्या टीमकडून 'शुगर शुगर' ऐकायचं म्हणजे ऑफिसच्या गॅदरिंगला बसल्यासारखं, चार जण पुढे पळतायत, बाकीचे ओळ शोधतायत. पण 'बॅक होम' खास त्यांच्यासाठी लिहिलेलं, बिल मार्टिन आणि फिल कोल्टरचं, म्हणजे गायिका सँडी शॉला १९६७ चं युरोव्हिजन, युरोपातली देशादेशांची गाण्याची स्पर्धा, जिंकून देणारी जोडी. मे १९७० मध्ये ते ब्रिटनच्या चार्टवर ३ आठवडे एक नंबरवर होतं, आणि ही सगळी दांडगी माणसं डिनर जॅकेट घालून बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या गाण्यांच्या टीव्ही कार्यक्रमात गात उभी!

मग जर्मन का दिली? ठेका हो. तोच मार्चिंगचा धम-चिक धम-चिक, एक गाणं संपून दुसरं कधी लागलं ते मला कळायचंच नाही. एका रविवारी सकाळी लावली तर आई आतून म्हणाली, "कोणाची वरात आलीय रे?" आणि ते एकदा डोक्यात बसलं ते बसलंच, त्यानंतर प्रत्येक वेळी मला बेकेनबाउर फेटा बांधून घोड्यापुढे चालताना दिसायला लागला. तुम्हाला बँड आवडत असेल तर कदाचित हा त्रास होणारही नाही.

इंग्लंडचे बेसूर आहेत हे मान्यच, पण त्यात माणसं ऐकू येतात. आणि 'बॅक होम'मध्ये ते घरच्यांची आठवण काढतात तेव्हा आपल्याला पुढचं माहीत असतं ना, त्याच १९७० च्या वर्ल्ड कपमध्ये मेक्सिकोत लिऑनला क्वार्टर फायनल, गोलकीपर गॉर्डन बँक्स आजारी, २-० पुढे असताना ३-२ ने हार, आणि तीही याच जर्मनांकडून. मला तिथे दर वेळी थोडं गलबलतं.

जर्मनीचं टायटल साँग मात्र झकास आहे, ते सुटं सिंगलवर मिळतं, तेवढं घ्या.