पॅसिफिक डेस्टिनी बघायचा की ग्रिम्बलचं पुस्तक वाचायचं?

जुने ब्रिटिश पिक्चर आवडतात आणि साहेबाच्या राज्यातल्या गोष्टींचं थोडं वेडही आहे, अशा लोकांसाठी हे लिहितोय. १९५६ चा 'पॅसिफिक डेस्टिनी' हा पिक्चर आणि तो ज्याच्यावर बेतलाय ते आर्थर ग्रिम्बलचं १९५२ चं 'अ पॅटर्न ऑफ आयलंड्स', दोन्हीतलं एकच करायला वेळ असेल तर काय करावं? मी आधीच सांगून टाकतो, पुस्तक. पण पिक्चर अगदीच टाकाऊ आहे असं नाही, काही जणांना तोच जास्त जमेल.

गोष्ट थोडक्यात अशी. ग्रिम्बल नावाचा पंचविशीतला पोरगा १९१४ साली बायकोला, ऑलिव्हियाला, घेऊन पॅसिफिक महासागरातल्या गिल्बर्ट आणि एलिस बेटांवर कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी म्हणून नोकरीला जातो. विषुववृत्ताच्या आजूबाजूला पसरलेली ही बेटं, आजचे किरिबाती आणि तुवालू हे दोन देश. तेव्हा ब्रिटिशांचं संरक्षित राज्य होतं, १९१६ ला रीतसर वसाहत झाली. इथला ऑफिसर म्हणजे तलाठी, मामलेदार, फौजदार आणि जज सगळं एकाच टोपीखाली, वर लोक औषधपाण्यालाही त्याच्याकडेच येणार. आणि डोक्यावर एक खडूस रेसिडेंट कमिशनर, म्हणजे तिथल्या कारभाराचा प्रमुख, ज्याला हा पुस्तकी पोरगा काही कामाचा वाटत नाही.

पिक्चरमध्ये ग्रिम्बल झालाय डेनहोल्म एलियट. हा कुठेतरी बघितलाय असं वाटलं तर बरोबर आहे, इंडियाना जोन्समधला विसरभोळा मार्कस ब्रॉडी तोच, फक्त इथे तरुण आहे. ऑलिव्हिया सुझन स्टीफन, आणि कमिशनर मायकेल हॉर्डर्न, ज्याच्यासाठी पिक्चर बघावा असं मी बिनधास्त म्हणेन. आवाज न चढवता समोरच्याचा पाणउतारा कसा करायचा हे त्याच्याकडून शिकावं, नुसती भुवई उचलतो आणि एलियटचा चेहरा पडतो. दिग्दर्शक वुल्फ रिल्ला, ज्याने पुढे १९६० ला 'व्हिलेज ऑफ द डॅम्ड' केला, आणि खरं सांगायचं तर त्या पिक्चरमधली पकड इथे सापडत नाही. इथे सगळं कसं सज्जन सज्जन आहे, भांडण होतं, मिटतं, साहेब शहाणा होतो, बेटावरचे लोक खूष. दीड तासाच्या थोडा वर आहे, कंटाळा येत नाही, पण दुसऱ्या दिवशी फारसं काही आठवतही नाही.

आणि एक गोष्ट मला खटकत राहिली ती म्हणजे जागा. शूटिंग झालंय सामोआत. दिसायला झकास, हिरवेगार डोंगर, दाट झाडी, सगळं रंगीत. पण गिल्बर्ट बेटं अशी नाहीतच हो. तिथे डोंगर नाही, नदी नाही, ओढासुद्धा नाही, प्रवाळाची एक चिंचोळी पट्टी, एका बाजूला शांत खाडी आणि दुसऱ्या बाजूला उसळता समुद्र, आणि बहुतेक ठिकाणी जमीन पाण्याच्या वर दोन-तीन मीटर. त्या सपाट पट्टीवर राहायचं म्हणजे रात्रंदिवस लाटांचा आवाज, पळून जायला उंचवटा नाही, शेती म्हणजे खड्डा खणून खालच्या गोड्या पाण्यापर्यंत पोचायचं आणि त्यात बाबाई नावाचा मोठा अळूसारखा कंद लावायचा. ही अडचण, हा एकटेपणा पिक्चरमध्ये येतच नाही, कारण मागे डोंगर उभा आहे ना. माणसंही बहुतेक सामोआचीच, एलिस बेटांवरचे लोक सामोआवाल्यांना जवळचे हे खरं, पण गिल्बर्टवाले वेगळे, भाषाही वेगळी. एक चांगली निवड मात्र आहे, इनिया ते वियाटा, न्यूझीलंडचा माओरी ऑपेरा गायक, तो फ्रेममध्ये आला की नजर तिकडेच जाते.

आता पुस्तक. पुस्तकाची गंमत ही की ग्रिम्बल सतत स्वतःवर हसतो, आणि ते खोटं वाटत नाही. सगळ्यात फेमस प्रकरण ऑक्टोपसचं. तिथे दोघं मिळून ऑक्टोपस पकडतात, एकजण आमिष आणि दुसरा मारेकरी. आमिष झालेल्याने खडकाच्या कपारीसमोर बुडी मारायची, डोळे हाताने झाकून घ्यायचे म्हणजे ते वाचतात, आणि त्या प्राण्याला आपल्याला खुशाल विळखा घालू द्यायचा, हलायचं नाही. मग दुसरा खाली येतो, दोघांना खडकापासून ओढून वर आणतो, आणि पाण्यावर आल्यावर ऑक्टोपसच्या दोन डोळ्यांच्या मध्ये चक्क दातांनी चावतो, की खेळ खलास, विळखा सुटतो. दोन पोरं हे करताना ग्रिम्बल कौतुकाने बघत उभा, तर पोरं म्हणतात, साहेब आता तुम्ही व्हा आमिष. नाही म्हणावं तर साम्राज्याची अब्रू जाते, हो म्हणावं तर... झाला बिचारा. पाण्याखाली श्वास धरून अंगावर ते चिकट हात सरकत असताना त्याच्या डोक्यात काय चाललंय हे वाचताना आपलेही हात आपोआप डोळ्यांकडे जातात, ही भीती आणि हा बावळटपणा एकाच वाक्यात आणणं कॅमेऱ्याला जमणं कठीण.

दुसरं प्रकरण बुतारितारी बेटावरच्या कुमा गावाचं. तिथे पिढीजात काम असलेला एक माणूस झोपडीत जाऊन झोपतो, स्वप्नात समुद्रातल्या डॉल्फिनसारख्या पॉर्पॉइजना जेवायला बोलावतो, मग ओरडत बाहेर धावतो आणि गाव नटूनथटून किनाऱ्यावर. आणि ते खरंच येतात, असं ग्रिम्बल लिहितो, कळपच्या कळप, लोक पाण्यात उतरून त्यांना मिठ्या मारून किनाऱ्याला आणतात. मग त्यांची कत्तल होऊन मेजवानी होते, ते मात्र वाचवत नाही. खरं काय घडलं ह्यावर वाद घाला हवा तेवढा, पण पानं उलटत राहतात. भाषा शिकून, म्हाताऱ्यांच्या पायाशी बसून गोष्टी, मंत्र, वंशावळी लिहून घेणारा ऑफिसर होता हा, आणि ते प्रत्येक पानावर कळतं.

एवढं कौतुक केलं, आता दुसरी बाजू, जी पिक्चरमध्ये नाही आणि ह्या पुस्तकातही नाही. बनाबा, म्हणजे साहेबाचं ओशन आयलंड, जिथे ह्या सगळ्या कारभाराचं मुख्यालय होतं. जेमतेम सहा चौरस किलोमीटरचं बेट. सिडनीतल्या एका कंपनीच्या ऑफिसात पॅसिफिकमधल्याच नौरू बेटावरून आणलेला एक दगड दाराला अडण म्हणून लावलेला असायचा, अल्बर्ट एलिस नावाच्या माणसाने तो तपासला तर निघालं फॉस्फेट, म्हणजे खताचा कच्चा माल. १९०० साली तो बनाबाला पोचला आणि खाणकामाचा करार झाला, वर्षाला ५० पौंड, ९९९ वर्षांसाठी! पुढे ग्रिम्बल १९२६ ला स्वतः रेसिडेंट कमिशनर झाला, आणि १९२८ मध्ये आणखी जमीन द्यायला तयार नसलेल्या बनाबाच्या लोकांना त्याने पत्र लिहिलं, ज्याचा मतलब सरळ धमकीचा होता, सही करा, नाहीतर जमीन तशीही जाणारच आणि गावाचं काय होईल ते बघा. पॉर्पॉइजच्या गोष्टी सांगणारा तोच हा माणूस. पहिलं पुस्तक १९२० च्या आसपास थांबतं त्यामुळे हे त्यात यायचा प्रश्नच नाही, आणि पिक्चर तर त्याहून आधीच्या निरागस दिवसांवर. १९४५ ला बनाबाच्या लोकांना फिजीतल्या राबी बेटावर नेलं, जे त्यांच्याच फॉस्फेटच्या पैशातून विकत घेतलेलं होतं. पुढे त्यांनी लंडनच्या कोर्टात केस टाकली, जज मेगॅरी स्वतः बेट बघून आले, पण सरकारवरचा मुख्य दावा १९७६ च्या निकालात टिकला नाही, ते पत्र मात्र कोर्टात सगळ्यांसमोर आलं.

म्हणजे पुस्तक वाचू नये का? वाचावंच, फक्त हे माहिती असताना वाचावं, मग त्यातला गोडवाही वेगळा लागतो. पिक्चरच्या बाबतीत हे माहिती झाल्यावर माझी तरी मजा अर्धी गेली, कारण तिथे गोडव्याशिवाय दुसरं काही नाहीच.

तिसरा पर्याय कोणी विचारेल म्हणून, कॅरोल रीडचा 'आउटकास्ट ऑफ द आयलंड्स'. कॉनरॅडच्या कादंबरीवरचा, ब्लॅक अँड व्हाइट, ट्रेव्हर हॉवर्ड आणि राल्फ रिचर्डसन. ह्यात सरकारी नोकरी वगैरे नाही, व्यापारी आहेत आणि एक सडत चाललेला गोरा माणूस आहे, रॉबर्ट मॉर्लेला झोळीत शिवून आगीवर झुलवतात तो सीन बघून अंगावर काटा येतो. पिक्चर म्हणून हा 'पॅसिफिक डेस्टिनी'पेक्षा कितीतरी सरस, पण मूड वेगळा, घरच्यांबरोबर रविवारी दुपारी लावू नका.

तर घरात आईबाबांबरोबर काहीतरी हलकं, साधं बघायचंय आणि हॉर्डर्नसारखे नट आवडतात, तर 'पॅसिफिक डेस्टिनी' लावा. सिनेमा म्हणून काहीतरी दमदार हवंय तर रीड. आणि त्या बेटांवर माणसं कशी जगायची ते कळून घ्यायचंय तर ग्रिम्बल, इंग्रजी जरा जुनं आहे पण अवघड नाही, प्रकरणं सुटी सुटी आहेत त्यामुळे रोज एक वाचलं तरी चालतं. सुरुवात ऑक्टोपसपासून केली तरी काही बिघडत नाही. दुसरा भाग, 'रिटर्न टू द आयलंड्स', ग्रिम्बल वारल्यावर १९५७ ला आला, तो लगेच घेऊ नका, मधे बनाबाच्या केसबद्दल काहीतरी वाचा आणि मग घ्या.