तांबं, कमी खार की टब बदलणं? रीफ टँकमधल्या पांढऱ्या ठिपक्यांवर काय निवडावं

रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि मासे असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, टँग माशाच्या अंगावर ठिपके दिसले की आपण सांगलीकर आधी पुण्याच्या दुकानदाराला फोन लावतो. त्याआधी दहा मिनिटं टँकसमोर खुर्ची टाकून बसा. मिठाच्या कणांसारखे, मोजता येणारे ठिपके, मासा खातोय, दोन दिवसांनी ठिपके गायब आणि मग दुपटीनं हजर: हा सागरी इच नावाचा परजीवी. पिठी शिंपडल्यासारखी बारीक भुकटी, कल्ले भराभर हलतायत, मासा पंपाच्या झोतात उभा, खाणं बंद: हा व्हेल्वेट, दुसरा परजीवी. तो दोन-तीन दिवसांत टँक रिकामा करतो. तिथे निवड कसली करता, थेट तांबं, म्हणजे पाण्यात तांब्याचं औषध.

इच असेल तर तीन वाटा आहेत. तिन्ही वेगळ्या, वाळू-दगड नसलेल्या टँकमध्ये. रीफमध्ये तांबं टाकलं किंवा खार उतरवला, तर कोरल, कोळंबी, गोगलगायी आधी मरतील.

तांब्याचा भरवसा सगळ्यात जास्त, पण ते दिवसातून एकदा तरी मोजावं लागतं. क्युप्रामिनसारख्या आयनिक तांब्याला लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम, चिलेटेड (दुसऱ्या रेणूत बांधलेल्या) तांब्याला २ ते २.५. एकाचं प्रमाण दुसऱ्याला लावलंत तर परजीवी तरी वाचतो नाहीतर मासा तरी जातो. महिनाभर चालवा. मँडरिन माशाला हे सोसत नाही.

कमी खार सगळ्यात स्वस्त. विशिष्ट गुरुत्व (पाणी किती खारं, याचं माप) १.०२५ वरून दोन दिवसांत १.००९ वर आणायचं आणि महिनाभर तिथेच धरायचं. कागदावर सोपं. पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये चाळीस लिटरच्या टँकमधून पाणी उडतं, खार वर सरकतो, आणि १.०१२ झालं की मागचे दिवस फुकट. काट्याच्या हायड्रोमीटरवर विसंबून हे करू नका, रिफ्रॅक्टोमीटर हवा. व्हेल्वेटवर याचा उपयोग शून्य.

तिसरी वाट टबांची, आणि दोन-तीन छोटे मासे असतील तर मी हीच धरीन. इचचा परजीवी माशावरून गळून तळाला, भिंतीला चिकटतो आणि तिथे फुटून नवी पिल्लं सोडतो. त्याला किमान तीन दिवस लागतात, म्हणून दर ७२ तासांच्या आत मासा नव्या टबात. पहिला, चौथा, सातवा, दहावा दिवस. तेराव्या दिवशी मोकळा. औषध नाही, अमोनियाही साचत नाही. चाळीस लिटरचे चार घाणे म्हणजे १६० लिटर आरओ पाणी आणि सहा किलोच्या आसपास मीठ. जुना टब, एअर स्टोन, पाइपचे तुकडे कडक वाळवूनच परत वापरायचे. निदान त्या कामाला सांगलीचं ऊन पुरेसं आहे. मोठ्या टँगला मात्र ही उचलपटक झेपत नाही, त्याला तांबंच. वीज जाते त्या भागात बॅटरीवरचा एअर पंप कोणत्याही वाटेला लागेल.

हळदीच्या गावात राहतो म्हणून टँकमध्ये हळद टाकायचा सल्ला मलाही मिळालाय. टाकू नका. लसूण चोळलेलं खाणं मासा आवडीनं खाईल, परजीवीला त्याचं काही नाही.

कोणतीही वाट घ्या, मुख्य टँक ७६ दिवस माशांविना ठेवायचा आहे, म्हणजे तिथला परजीवी मासा न मिळून मरेल. कोरल, कोळंबी तिथेच राहू देत. म्हणजे टबवाला मासा तेराव्या दिवशी बरा झाला तरी उरलेले दोन महिने त्याला फिल्टर चालू असलेली दुसरी जागा लागते. ती जागा घरात कुठे, हे पहिला टब भरायच्या आधी ठरवा.