एमडीएडीएम रेड-१, दोन डिस्क आणि बूटची भानगड : बरेच महिने वापरल्यानंतर

लिनक्सवरचं सॉफ्टवेअर रेड-१, म्हणजे एमडीएडीएम या टूलने केलेला दोन डिस्कचा आरसा (तोच डेटा दोन्हीवर), बरेच महिने वापरतोय आणि मध्ये एक डिस्क खरोखरच गेली, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. डेटाबद्दल तक्रार नाही, एकही फाइल गेली नाही. पण मशीन रीस्टार्ट केलं तर सरळ बायोसच्या स्क्रीनवर येऊन बसलं, बूट करायला काही नाही म्हणे! डेटा दुसऱ्या डिस्कवर जसाच्या तसा, फक्त तिथपर्यंत पोचायची सोय नाही.

कारण साधं आहे, पण इन्स्टॉलर ते सांगत नाही. एमडी, म्हणजे लिनक्स कर्नलमधला रेडचा भाग, आरसा करतं ते तुम्ही त्याला दिलेल्या पार्टिशनचा. यूईएफआय (बायोसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर) मशीनवर बूटलोडर, म्हणजे सिस्टम सुरू करून देणारा प्रोग्राम, राहतो ईएसपीत, म्हणजे त्या छोट्या फॅट पार्टिशनमध्ये, आणि ते रेडच्या बाहेर असतं. इन्स्टॉलरने ते फक्त पहिल्या डिस्कवर भरलेलं, गेली नेमकी तीच. जुन्या पद्धतीच्या बायोसवर त्या मानाने सोपं, ग्रब हा बूटलोडर बसवणारं ग्रब-इन्स्टॉल दोन्ही डिस्कवर एकेकदा चालवायचं, पार्टिशन टेबल नव्या जीपीटी पद्धतीचं असेल तर दोन्हीकडे १ एमबीचं बायोस बूट पार्टिशन हवं, झालं.

यूईएफआयला काही जण ईएसपीचंच रेड करतात, मेटाडेटा (रेडची स्वतःची नोंद) १.० वापरून. तो पार्टिशनच्या शेवटी लिहिला जातो त्यामुळे फर्मवेअरला ते साधं फॅटच दिसतं (१.२ सुरुवातीपासून ४ केबीवर बसतो, तो इथे चालत नाही). चालतं छान, पण फर्मवेअरने स्वतःहून एका बाजूला काही लिहिलं की दोन्ही बाजू वेगळ्या होतात आणि एमडीला पत्ताच नाही. मला ते पटलं नाही, मी दोन स्वतंत्र ईएसपी ठेवल्या आणि ग्रबचं पॅकेज अपडेट झालं की पहिलीतलं दुसरीत कॉपी करतो. डेबियनमध्ये कर्नल बूट फोल्डरमध्येच राहतात आणि ते रेडवर आहे, ईएसपीत फारसं काही बदलत नाही, त्यामुळे हे काम क्वचितच निघतं.

नवी डिस्क लावताना एक जागा खरंच घातक आहे. पार्टिशन टेबल कॉपी करायला एसजीडिस्क या कमांडचा मोठा आर (-R) ऑप्शन, त्याच्या लगेच पुढे नवी डिस्क लिहायची आणि चांगली डिस्क शेवटी. डोक्यात 'इथून तिथे' असं असतं, हे बरोबर उलटं. अदलाबदल झाली तर उरलेल्या एकमेव डिस्कवर कोरं टेबल! एंटर मारण्याआधी डिस्कची यादी देणाऱ्या एलएसबीएलके कमांडमध्ये सीरियल नंबर जुळवा, एसडीए-एसडीबी या लिनक्सने दिलेल्या नावांवर भरवसा ठेवू नका, डिस्क काढली-घातली की ती नावं बदलू शकतात. मग एसजीडिस्कलाच मोठा जी (-G) देऊन नवे जीयूआयडी, म्हणजे डिस्क-पार्टिशनचे ओळख क्रमांक, मग एमडीएडीएमने ॲड, आणि रेडची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅट फाइलमध्ये एक यू आणि एक रेघ होती तिथे दोन यू येईपर्यंत स्वस्थ बसा.

हे झालं की ईएफआयबूटएमजीआर कमांडने फर्मवेअरच्या बूट यादीत दुसऱ्या डिस्कचीही बूट एंट्री करा. माझ्या बोर्डची खोड अशी की डिस्क काढली की तिची एंट्री स्वतःच पुसून टाकतो आणि परत लावली तरी आणत नाही, वैताग नुसता. म्हणून दोन्ही ईएसपीत ग्रबची एक प्रत ईएफआय-बूट फोल्डरमध्ये बूटएक्स६४ नावानेही ठेवलीय, एंट्री नसली तरी फर्मवेअर तिथे बघतं.

आणि एफएसटॅब, म्हणजे बूटला कुठली पार्टिशन जोडायची त्याची यादी! ईएसपीच्या ओळीत नोफेल (नसली तरी पुढे जा) नसेल तर डिस्क गेल्यावर सिस्टमडी, म्हणजे सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम, ९० सेकंद तिची वाट बघतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये टाकतं. म्हणजे बूटलोडर, रेड सगळं ठीक, आणि अडकलो कुठे तर रोज लागतही नाही अशा पार्टिशनपाशी.

चाचणी मात्र मशीन बंद करून, केबल काढूनच करा. बूटला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, कारण ॲरे (रेडचा संच) दुसऱ्या डिस्कसाठी थोडं थांबून मगच अर्धवट अवस्थेत सुरू होतो, तेव्हा घाईने पॉवर बटण दाबू नका. एक डिस्क तपासली की ती परत जोडून सिंक पूर्ण होऊ द्या, मगच दुसरी काढा. लागोपाठ दोन्ही एकेकट्या चालवल्या तर दोघींवर वेगवेगळं लिहिलं जातं आणि खरी कुठली हे तुम्हालाच ठरवावं लागतं. राइट-इंटेंट बिटमॅप (कुठल्या भागात लिहिलं त्याची नोंद) असेल तर सिंक पटकन उरकतं, फक्त बदललेले भागच कॉपी होतात, नसेल तर अख्खी डिस्क.

बाकी रोजच्या वापरात त्रास नाही. डेबियनवर महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप तपासणी चालते, तेव्हा डिस्क जरा संथ वाटतात तेवढंच. मेलचा पत्ता एमडीएडीएमच्या कॉन्फिगमध्ये टाकून टेस्ट मेल मागवून बघा, डिस्क गेल्याचं मला त्या मेलनेच कळलं, मशीन तर काहीच न झाल्यासारखं चालू होतं.