पिसा डेटा एक्सप्लोरर: मुलगे-मुलींच्या गुणांतलं अंतर नीट मोजायचं असेल तर

दहावीचा निकाल लागला की 'यंदाही मुलींचीच बाजी' हे शीर्षक ठरलेलं असतं. 2024 साली राज्य मंडळाच्या दहावीत 97.21 टक्के मुली उत्तीर्ण झाल्या, मुलगे 94.56 टक्के. पण हा आकडा फक्त पास-नापासचा. गणितात कोण पुढे, वाचनात कोण मागे, तळाच्या आणि वरच्या विद्यार्थ्यांत अंतर सारखंच आहे का, हे त्यातून कळत नाही. एम.एड.चा प्रबंध लिहिणाऱ्यांनी आणि शिक्षणावर लिहिणाऱ्या पत्रकारांनी म्हणूनच ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक संघटनेचं 'पिसा डेटा एक्सप्लोरर' हे मोफत ऑनलाइन साधन हाताशी ठेवावं.

पिसा ही 15 वर्षांच्या विद्यार्थ्यांची ओईसीडीची आंतरराष्ट्रीय चाचणी. 2022 च्या फेरीत 81 देश आणि प्रदेश होते. साधनात आधी विषय, वर्ष आणि देश निवडायचे, मग चलांच्या, म्हणजे ज्यांवरून गट पाडायचे त्या गुणधर्मांच्या, यादीतून विद्यार्थ्याचं लिंग. त्यानंतर काय मोजायचं ते: सरासरी, प्रमाण विचलन (गुण किती विखुरलेले आहेत) की पर्सेंटाइल (90 वा म्हणजे ज्याच्या खाली 90 टक्के विद्यार्थी असतात तो गुण). बहुतेक जण सरासरी घेऊन थांबतात, आणि तिथेच या साधनाचा निम्मा उपयोग वाया जातो.

2022 ची ओईसीडी सरासरी, म्हणजे सदस्य देशांची सरासरी, घ्या. गणितात मुलगे 9 गुणांनी पुढे, वाचनात मुली 24 गुणांनी. गणितात 40 ठिकाणी मुलगे पुढे, 17 ठिकाणी मुली, उरलेल्या 24 ठिकाणी दखल घ्यावी असा फरकच नाही. इटलीत मुलगे 21 गुणांनी वरचढ, तर फिनलंडमध्ये मुली पुढे. 'मुलांचं गणित उपजतच चांगलं' म्हणणाऱ्यासमोर एवढा तक्ता ठेवला तरी पुरे. वाचनात मात्र 81 पैकी 79 ठिकाणी मुलीच पुढे आहेत.

आता सरासरीऐवजी 10, 25, 50, 75 आणि 90 वा पर्सेंटाइल निवडा. 2012 मध्ये गणितातलं सरासरी अंतर 11 गुणांचं होतं, पण सर्वांत वरच्या विद्यार्थ्यांत ते सुमारे 20 गुणांवर जात होतं. वाचनात उलट: मुलग्यांची पिछाडी तळाशी जास्त, वर कमी. गणितात मुलग्यांचे गुण जास्त विखुरलेले असतात. अभियांत्रिकी प्रवेशासारख्या वरच्या टोकाच्या स्पर्धेबद्दल लिहिताना सरासरीचा आधार घेतला की निष्कर्ष घसरतो, तो यामुळेच.

सर्वांत जपून वापरायचा भाग म्हणजे सार्थकतेची चाचणी, म्हणजे दिसणारा फरक खरा की निव्वळ योगायोग हे तपासणं. तक्त्यात प्रत्येक सरासरीशेजारी कंसात प्रमाण त्रुटी (नमुन्यावरून काढल्याने आकडा किती इकडेतिकडे असू शकतो त्याचं माप) दिसते. ती बघून अनेक जण दोन त्रुटींचे वर्ग बेरजेत घेऊन वर्गमूळ काढतात आणि फरक खरा की योगायोग ते ठरवतात. हे चुकतं. मुलगे आणि मुली बहुतेक त्याच शाळांतून निवडलेले असतात, त्यामुळे दोन्ही सरासऱ्या एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. हाताने काढलेली त्रुटी सहसा वाजवीपेक्षा मोठी येते आणि खरा फरकही 'काही नाही' म्हणून सुटतो. साधनातली चाचणी हा संबंध धरून हिशेब करते. 'इटलीतलं अंतर जर्मनीपेक्षा मोठं आहे का' असा प्रश्न असेल तर साधी चाचणी पुरत नाही. अंतरांची आपापसात तुलना करणारा वेगळा पर्याय आहे, तो घ्या.

कच्ची फाइल उतरवून एक्सेलमध्ये सरासरी काढायचा मोह टाळा. 2015 पासून प्रत्येक विद्यार्थ्याला प्रत्येक विषयात एक गुण नसून 10 संभाव्य गुण (त्याच्या पातळीचे अंदाज) दिलेले असतात, शिवाय विद्यार्थ्याचा भार (तो किती विद्यार्थ्यांच्या वतीने मोजला जातो) आणि प्रमाण त्रुटी काढण्यासाठी 80 पुनरावृत्ती भार. त्यातला एकच स्तंभ उचलला तर सरासरी जवळपास येते, त्रुटी मात्र चुकते. साधन हे सगळं आत करतं, हा त्याचा मोठा गुण.

वर्षावर्षांच्या तुलनेत ते वापरणाऱ्याला पुरेसं सावध करत नाही, ही आमची मुख्य तक्रार. वाचनातली मुलींची आघाडी 2012 मध्ये 38 गुणांची होती, 2015 मध्ये 27. मुलगे अचानक वाचायला लागले असं यावरून लिहू नका. 2015 मध्ये बहुतेक देशांत चाचणी कागदावरून संगणकावर गेली, आणि 2012 मध्येच संगणकावरच्या वाचनचाचणीत हे अंतर 26 होतं. हा खुलासा तक्त्याखाली ठळक असायला हवा होता. तो अहवालांत शोधावा लागतो.

बाकी किरकोळ. मराठी नाही. रुंद तक्ते मोबाइलवर नीट वाचता येत नाहीत, लॅपटॉपच घ्या. एकाच वेळी खूप देश आणि चार-पाच चलं टाकली की गट इतके बारीक होतात की रकाने आकड्याविना येतात. तिथे शून्य समजू नये, विद्यार्थी पुरेसे नसल्याने आकडा दिलेला नसतो.

महाराष्ट्राचा आकडा इथे मिळणार नाही. भारतातून 2009 च्या फेरीच्या विस्तारात फक्त तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश होते. आपल्या जिल्ह्यासाठी राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाचे 2021 चे जिल्हा अहवाल बघा: तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीच्या मुलग्यांची आणि मुलींची कामगिरी त्यांत वेगवेगळी दिली आहे. फक्त ते गुण पिसाच्या तक्त्यात शेजारी मांडू नका. तिथली निवड इयत्तेवर आहे, पिसाची वयावर, आणि मोजपट्टीही निराळी.