बल्बखालची पिल्लं आणि कोंबडीखालची पिल्लं: गणपतीपासून मिरगापर्यंतचा अनुभव

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. घरच्या अंड्यांपुरत्या आठ-दहा कोंबड्या हव्या असतील तर एक दिवसाची पिल्लं घेऊ नका. महिनाभराची, लसी झालेली घ्या. किंमत तिप्पट-चौपट वाटते, पण ती त्या पहिल्या महिन्याची मजुरी आहे आणि वाजवी आहे. एक दिवसाचीच आणायची हौस असेल तर घरात खुडूक, म्हणजे अंडी उबवायच्या ओढीने बसलेली, कोंबडी असेल तेव्हाच आणा.

आमचं घर कुडाळ तालुक्यात, मागे माडांखाली परसू. गणपती गेल्यावर गिरिराज आणि कावेरी या सुधारित जातींची एक दिवसाची पिल्लं आणली आणि ती बल्बखाली वाढवली. माघात पुन्हा थोडी कावेरी आणली आणि ती गावठी कोंबडीच्या पोटाखाली सरकवली. दोन्ही प्रकार करून झाल्यावर लिहिते आहे.

खरेदीतली पहिली अडचण म्हणजे शेकडा. पिल्लांचा खोका शंभराचा, आत पंचवीस-पंचवीसचे चार कप्पे, बाजूला हवेची भोकं. हॅचरीला, म्हणजे अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्याला, तुमच्या वीस पिल्लांत काडीचा रस नसतो. मग दोन-तीन घरांनी मिळून खोका घ्यायचा किंवा तालुक्यातल्या खाद्यविक्रेत्याकडे नाव लावून ठेवायचं. पुण्यात खडकीला आणि कोल्हापूरला राज्य सरकारची अंडी उबवणी केंद्रं आहेत, मुंबईत आरे कॉलनीत केंद्र सरकारचं आहे. तिथे आधी नोंदणी करावी लागते. घेताना एकच प्रश्न न चुकता विचारा: मरेक्स या कोंबड्यांच्या रोगाची लस दिली आहे का? ती पहिल्याच दिवशी हॅचरीत देतात, घरी आणल्यावर द्यायची सोय नसते. नर-मादी निवडून मिळत नाहीत. निम्मे कोंबडे निघणार हे गृहीत धरूनच आकडा ठरवा.

मोटारसायकलवर टोपल्या बांधून येणाऱ्या फेरीवाल्याकडची लाल-हिरवी रंगवलेली पिल्लं मात्र घेऊ नका. बहुतेक अंड्यांच्या जातीचे नको असलेले नर असतात. उन्हातान्हात फिरून आधीच अर्धमेली झालेली असतात, लसीचं तर नावच नको. पोरं हट्ट करतात, करू देत.

प्रवासाची भीती मात्र उगाच असते. अंड्यातून बाहेर येताना पिल्लू पिवळ्या बलकाचा उरलेला भाग पोटात ओढून घेतं आणि त्यावर दोन-तीन दिवस काढू शकतं. खोका रात्रीच्या गारव्यात आणला, गाडीत वाऱ्याचा झोत लागू दिला नाही, तर पिल्लं ठणठणीत पोचतात. आमची पोचली.

आता बल्ब. पिल्लाच्या अंगावर पिसं नसतात, नुसती लव असते, त्यामुळे स्वतःची ऊब त्याला राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्या पाठीच्या उंचीला 95 अंश फॅरनहाइट, म्हणजे 35 सेल्सिअस लागतं. पुढे दर आठवड्याला 5 अंश फॅरनहाइट कमी करत न्यायचं. पिल्लामागे साधारण दोन वॅट धरतात. हे सगळं खाद्याच्या पोत्याबरोबर मिळणाऱ्या कागदावरही असतं. त्यात नसते ती गोष्ट ही की आता दुकानात मागाल त्याला एलईडी बल्ब देतात, आणि एलईडीला उजेड असतो, ऊब नसते. जुना तारेचा साठ किंवा शंभरचा बल्ब शोधायला मला कुडाळची अर्धी बाजारपेठ पालथी घालावी लागली. शेवटी एका जुन्या इलेक्ट्रिकवाल्याच्या माळ्यावर मिळाले. लाल उजेडाचा इन्फ्रारेड दिवा मिळतो, चांगला चालतो, पण तो दीडशे-अडीचशे वॅटचा. वीस पिल्लांना फार होतो, उंच टांगावा लागतो, आणि टांगायला दोरी नको, साखळीच हवी. खाली कोरडं तूस असतं, दिवा पडला तर घर जळेल.

दीड फूट उंचीचा पत्रा गोल वाकवून कुंपण केलं. त्याला चिकगार्ड म्हणतात. गोलच का, तर कोपरा मिळाला की गारठलेली पिल्लं तिथे एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. आत दोन-तीन इंच भाताचं तूस, त्यावर सुरुवातीला गोणपाट. वर्तमानपत्र नको, गुळगुळीत कागदावर पाय घसरून फाकतात आणि फाकलेला पाय लवकर सुधारत नाही. थर्मामीटर लावला होता, पण दोन दिवसांनी तो बघणं सोडलं. पिल्लंच सांगतात. बल्बखाली गठ्ठा करून चिवचिवत असली तर थंडी वाजते आहे, पत्र्याला चिकटून चोच उघडी टाकून धापा टाकत असली तर उकडतं आहे, इकडेतिकडे पसरून खात-पेंगत असली तर तुम्हीही जाऊन झोपा.

झोप मात्र मिळत नाही. परतीच्या पावसात आमच्याकडे लाईट संध्याकाळी जाते ती कधी येईल याचा नेम नसतो. इन्व्हर्टरवर साठचा एक बल्ब चालतो, पण रात्रभर नाही. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून मध्ये ठेवायच्या आणि वरून गोणपाट पांघरायचं, हा उपाय सगळ्यात भरवशाचा ठरला. दर दोन-तीन तासांनी पाणी बदलायला उठावं लागतं. कोळशाची शेगडी बंद खोलीत अजिबात ठेवू नका. तिच्या धुराने पिल्लंही मरतात आणि माणसंही. शेजारच्या आजी कुंपणावरून एकदा म्हणाल्या, "गो बाय, ह्या पिल्लांका आवस नाय. बल्ब कितको पुरतलो?" म्हणजे यांना आई नाही, बल्ब किती पुरणार? तेव्हा राग आला होता. त्यांच्या बोलण्यात काय होतं ते माघात कळलं.

भांड्यांबद्दल थोडक्यात. एक लिटरचं उलटं ठेवायचं प्लास्टिकचं पाण्याचं भांडं घ्या, स्वस्त आहे आणि टिकतं. पहिला आठवडा त्याच्या कडेच्या खाचेत नदीतले गोल खडे घालून ठेवा, नाहीतर पेंगणारं पिल्लू पाण्यात तोंड घालून बुडतं. पुढे भांडं विटेवर, पिल्लाच्या पाठीएवढ्या उंचीवर. पाणी उकळून कोमट केलेलं. पहिल्या पाण्यात थोडा गूळ. एकदोघांची चोच अलगद बुडवून दाखवली की बाकीची बघून शिकतात. वरून भोकं असलेला लांब खाद्याचा डबा मात्र पैसे वाया घालवणारा निघाला. तिसऱ्या आठवड्यात पिल्लं त्यावर चढून बसतात आणि आत शी करतात. गोल टांगायचं खाद्यपात्र सुरुवातीपासून घेतलेलं बरं.

खाद्य म्हणजे पहिल्या दिवशी मक्याचा बारीक भरडा, नंतर चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य. त्यात प्रथिनं 20 टक्क्यांच्या आसपास हवीत. घरातला तांदूळ-कणी खाऊन पिल्लं जगतात, पण वाढ खुंटते. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेअर खाद्य पिल्लांना देऊ नका, त्यातला कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. पन्नास किलोचं पोतं स्वस्त पडतं म्हणून पावसात घेऊ नका. कोकणच्या दमटपणात पोतं उघडलं की बुरशी धरते, आणि बुरशीचं खाद्य म्हणजे सरळ विष. सुटं घ्या, पत्र्याच्या डब्यात ठेवा, वास घेऊनच काढा.

लसींचं गणित छोट्या घराला अजिबात सोयीचं नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. ती मानमोडीसाठी, म्हणजे राणीखेत रोगासाठी. चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो या रोगाची. चौथ्या आठवड्याला लासोटा पुन्हा. सहा-सात आठवड्यांनी देवीची, आठव्याला मानमोडीची टोचायची लस. कुपी लहानात लहान शंभर मात्रांची असते, बर्फातून आणावी लागते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. वीस पिल्लांसाठी ऐंशी मात्रा ओतून द्यायच्या. आम्ही वाडीतल्या ज्यांच्या-ज्यांच्या कोंबड्या आहेत त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं आणि एकाच संध्याकाळी सगळ्यांच्या उरकल्या. पशुवैद्यकीय दवाखान्यात तारीख विचारून ठेवलीत तर काम सोपं होतं. ही लस टाळायची नाही. मानमोडी वाडीत शिरली की खुराडंच्या खुराडं रिकामं होतं आणि त्यावर औषध नाही.

आमच्या पहिल्या खेपेत जी पिल्लं गेली ती मानमोडीने नाही, रक्ती हगवणीने. तिसरा-चौथा आठवडा, बाहेर सतत पाऊस, आत तूस ओलं. पंख पाडून, डोळे मिटून एका जागी उभी राहतात, शीमध्ये रक्त दिसतं. डॉक्टरांनी पाण्यातून अँप्रोलियम दिलं, दोन दिवसांत फरक पडला. पण मुळात हा ओल्या जमिनीचा आजार आहे. तूस रोज खालीवर करणं, पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं तूस काढून टाकणं, थोडी चुन्याची भुकटी मिसळणं, एवढ्यावर पुढे काम भागलं. खुराड्यात वाकल्यावर डोळे चुरचुरले तर अमोनिया साचला आहे असं समजावं आणि तूस बदलावं.

जनावरांचं सांगते. षटकोनी भोकांची कोंबड्यांची जाळी कोंबडी आत ठेवते, बाहेरच्याला अडवत नाही. घूस ती कुरतडते, मुंगूस ती वाकवतं, पोरसवदा साप भोकातून आत येतो. अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची वेल्डमेश, म्हणजे तारा एकमेकींना जोडलेली कडक जाळी, लावा आणि खाली फूटभर जमिनीत पुरा. महाग आहे. या सगळ्या खटाटोपात वापरलेली ही एकच वस्तू आहे जिच्याबद्दल माझी एक अक्षराचीही तक्रार नाही.

आणि आता माघातली खेप. नणंदेने दिलेली गावठी कोंबडी अंड्यांवर बसून दोन आठवडे उलटले होते. खोका आला त्या रात्री अंधारात तिच्याखालची अंडी काढून घेतली आणि दहा पिल्लं एकेक करून पिसांखाली सरकवली. सकाळी ती त्यांना घेऊन डालग्याबाहेर. बल्ब नाही, थर्मामीटर नाही, बाटल्या नाहीत. घारीची सावली अंगणात पडली की ती एक विशिष्ट आवाज काढते आणि पिल्लं जिथे असतील तिथे जमिनीला चिकटतात. बल्बखालच्या पिल्लांना हे कधीच आलं नाही, ती घारीकडे मान वर करून बघत राहायची. उकरायला तिनेच शिकवलं, वाळवी कुठे असते तेही तिनेच दाखवलं, त्यामुळे खाद्यही कमी लागलं. या खेपेतलं एकच गेलं, तेही बोक्याने नेलं.

तिच्या उणिवा सांगितल्याच पाहिजेत. दहा-बारापेक्षा जास्त पिल्लं तिच्या पोटाखाली मावत नाहीत. खुडूक कधी होईल ते तिच्या मर्जीवर, तुमच्या हॅचरीच्या तारखेवर नाही. पिल्लं दोन-तीन दिवसांपेक्षा मोठी असली तर ती ओळखते आणि टोचते. तिच्या अंगच्या उवा पिल्लांना लागतात, म्हणून चुलीची राख आणि माती मिसळून खड्ड्यात टाकावी, ती त्यात लोळते आणि पिल्लंही लोळतात. आणि लसी कोंबडीखालच्या पिल्लांनाही तेवढ्याच लागतात. "आई आहे ना" म्हणून लोक इथे फसतात.

जातींबद्दल. गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची, कावेरी तिथल्याच केंद्र सरकारच्या कुक्कुट केंद्राची. गिरिराज अंगाने भरते, कोंबडा चार किलोकडे जातो, वर्षाला 130-150 अंडी देते असं मानतात. जड असल्यामुळे मुंगसापुढे पळत नाही आणि खाते भरपूर. कावेरी हलकी, चपळ, माडाच्या खोडाशी पडलेल्या चोडतांवर, म्हणजे झावळ्यांवर, उड्या मारत चढते, अंडी 150च्या पुढे. गावठी 50-60च देते, पण खुडूक होते, आणि या दोन्ही सुधारित जाती सहसा होत नाहीत. म्हणजे कावेरीची पिल्लं वाढवायला गावठी कोंबडी पाळावीच लागते. आमच्या तलंगांनी, म्हणजे वयात आलेल्या पिल्लांनी, सहाव्या महिन्यात अंडी धरली. पहिली लहान, एकदोन बिनकवचाची. तेव्हापासून तिसऱ्यांच्या शिंपल्या भाजून-कुटून वाटीत वेगळ्या ठेवते. त्यांना लागतं तेवढंच त्या खातात.

कोंबडे पाचव्या-सहाव्या आठवड्यात तुरा लाल होऊन ओळखू येतात आणि चार महिन्यांत पहाटे चारला आरवू लागतात. सगळे एकाच वेळी. काही वडे-सागोतीत गेले, दोन वाडीतल्यांनी राखणदाराला, म्हणजे वाडीच्या रक्षक देवाला, देण्यासाठी मागून नेले, एक ठेवला. भिंतीला भिंत लागून घरं असतील तर हा भाग आधी शेजाऱ्यांशी बोलून घ्या.

पैशांत बघाल तर पहिल्या खेपेचा खर्च, मेलेली पिल्लं आणि वीजबिल धरून, महिन्याची पिल्लं आणली असती त्याच्या वरच गेला. वेल्डमेश त्यात धरलेली नाही. दुसरी खेप निम्म्यात झाली. आता मिरग लागलाय, या पावसात काही आणणार नाही. खाद्यवाल्याकडे दिवाळीनंतरची महिन्याची पंधरा कावेरी सांगून ठेवली आहेत. तोवर गावठी पुन्हा खुडूक झाली तर तिच्याखाली तिचीच अंडी ठेवीन.